काळुरामचा गुडघा

"चालवत नाय," काळुराम म्हणाला आणि नवा गुडघा दोन्ही हातांनी धरून बसला.

समृद्धीने लिहिलं नाही. ठाण्याच्या इस्पितळातून ती दिवा गावात एवढ्यासाठीच आली होती: गुडघा बदलून माणसाचं जगणं किती सुधारलं, ते मोजायला. चालणं, अंघोळ-कपडे, रोजची कामं, दुखणं, काळजी आणि शेवटी आजच्या तब्येतीला शंभरपैकी गुण. ऑपरेशनआधी म्हाताऱ्याने चाळीस सांगितले होते. आज वीस म्हणत होता. एवढा महागाचा गुडघा घालून वीस गुणांची खोट! वर मघाशी रिक्षातून उतरताना तिने त्याला टँकरवरून दोन हंडे झपाझप घरी नेताना पाहिलं होतं.

तिने ते तोंडावर सांगितलं. काळुराम ओशाळला. लुंगीला लागलेलं तांदळाचं पीठ झटकत बसला. मग आतल्या खोलीकडे बघून हळूच कबूल झाला की गुडघा झकास आहे, पण तसं लिहू नको. जावई, दिपेश, प्रत्येक तपासणीला हजर राहून किती सुधारणा झाली ते विचारतो. सासरा बरा झाला की त्याच दिवशी लेकीला, नयनला, घेऊन जाणार. नयनही म्हणते, तुम्ही चालायला लागलात की मी निघते. लेक आजारी बापाजवळ राहिली तर कोणी बोलत नाही. बाप बरा झाल्यावर राहिली तर सगळी आळी बोलते.

समृद्धीला हसू आलं. बायको गेलेला म्हातारा. गरम भाकरी सोडवत नसणारच. शेत विकून चार मजले उठवले, भाडं वाजवून घेतो आणि लेकीची सेवा मात्र फुकट हवी. तिने समजावलं की असे खोटे गुण पडले तर ऑपरेशन वाया गेलं असा हिशेब लागतो आणि पुढच्या गरिबाला सवलतीत गुडघा मिळत नाही.

काळुरामने मान हलवली. त्याला ते अगदी पटलं होतं.

"मग काका, किती लिहू?"

"वीस."

तेवढ्यात आतून नयन आली. डाव्या हातात फणी होती. उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता. ती बापाच्या पुढ्यात पाठ करून बसली. काळुरामने फणी घेतली आणि सराईत बोटांनी तिचे केस विंचरू लागला.

समृद्धीची नजर त्या हातावर अडकली.

"जावयाची कमाई," तो पुटपुटला.

नयनने मान खाली घातली. समृद्धीच्या तोंडून रोजचाच प्रश्न बाहेर पडला. "ताई, आजच्या तब्येतीला किती गुण द्याल? शंभरपैकी..."

वेणीचा पेड घट्ट धरून काळुराम म्हणाला, "तिला नको इचारू, बाय. ती शंभर सांगंल."