नातवाचा फोटो

या मायबाप, जरा जवळ सरका, एका आजीची गोष्ट सांगतो. दूर समुद्रातल्या बेटावरच्या आपिया शहरात मुलांच्या रविवारी, म्हणजे लेकरांच्या सणाला, सगळ्या आज्या पांढऱ्या कपड्यांतली नातवंडं चर्चमध्ये मिरवतात. तेलेसियाला निदान नातवाचा फोटो तरी न्यायचा होता, पण घरच्या कॉम्प्युटरवर फोटोंचा नुसता सावळागोंधळ. तिने ब्रिस्बेनच्या लेकाला, पेलेनातोला, फोनवर गळ घातली. त्याने तिथूनच एक प्रोग्रॅम चालवला आणि फोटो आपोआप ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये जाऊन बसले.

"बघ आई, तुझ्या डुकरांनाही वेगळी खोली दिलीय!"

"मेल्या, डुकरं राहू देत. माझा नातू कुठाय?"

"असेल की तिथेच. कॅमेऱ्याने काढलेला एकूण एक फोटो ठेवलाय. फक्त स्क्रीनशॉटचा कचरा तेवढा कायमचा पुसून टाकला."

तेलेसिया एकेक फोल्डर उघडून पाहू लागली. नातू तिने जन्मापासून पाहिला तो व्हिडिओ कॉलवरच. तो हसला की बटण दाबून तेवढा पडदा ती टिपून ठेवायची.

 

नातवंडाला मांडीवर घ्याल ना, तेव्हा तेलेसियाची एकदा आठवण काढा.