चुकलेली यष्टी

विसर पडू लागल्यापासून कोंडिबा रोज सकाळी गाठोडं बांधून भोरातल्या घराच्या ओट्यावर बसत. वेल्ह्याला, आपल्या घरी जायचं म्हणत. ते घर विकून सात वर्षं झाली, हे सांगून सांगून सून अंजना थकली होती. शेवटी तिनं सोपं उत्तर काढलं. “मामंजी, यष्टी गेली. आता उद्या.” मग ते गुमान गाठोडं सोडत.

आज किकवीहून, माहेरून तिला सांगावा आला, आईनं अन्न सोडलंय, लगोलग ये. अंजनानं धुतलं लुगडं नेसलं, पिशवी भरली आणि ओट्यावर येऊन थबकली. मामंजींना कुणाच्या भरवशावर सोडायचं? पिशवी मांडीवर घेऊन ती तिथंच टेकली.

कोंडिबांनी गाठोडं ओढून घेत तिला जागा करून दिली.

“तुजीबी गेली व्हय, पोरी? बस हितं. आता उद्या.”