महिपतची हलकी गाडी

महिपतने मारुतीची मागची सीट उपसून अंगणात ठेवली, तसा म्हातारा रावजी तिच्यावर ऐसपैस बसला.

"ही काढून काय मिळवलंस?"

"वजन उतरवलं, आबा. गाडी हलकी झाली की घाटात पळते."

"म्हणून सांगत होतो, जीप घे. अख्खी वाडी बसली असती."

हे रावजी गाडी आल्यापासून सांगत होता. महिपतने मुंबईच्या गॅरेजात असताना ही ठोकलेली मारुती उचलली, पत्रा सरळ करून पोलादपूरला आणली, तेव्हा सगळ्या वाडीने तिला काडेपेटी ठरवून टाकलं. तरी पोलादपूर-महाड रोजची ने-आण तीच करायची. दवाखान्याचे पेशंट तीच न्यायची. दर रविवारी आंबेनळी घाट चढून वरच्या गावांत दिलेल्या लेकींना माहेरची गाठोडीही तीच पोचवायची. कुंभरोशीच्या फाट्यावर लेकी वाट बघत उभ्या असायच्या. वर जाणारी गाडी रिकामी सोडायची नाही, हा वाडीचा रिवाज होता.

महिपतने मात्र ती वेगळ्याच कारणासाठी निवडली होती, आणि ते फक्त बायकोला, मैनाला, ठाऊक होतं. जीप वळणावर डुलते, ही रस्ता धरून वळते. आज रविवारीच मुंबईच्या मोटारवाल्यांची घाटात शर्यत होती, आणि महिपतनेही नाव दिलं होतं. नऊनंतर रस्ता बंद, मग एकेक गाडी एकटीच घड्याळाशी भिडत कुंभरोशीपर्यंत चढणार. काडेपेटी पहिली येताना आपल्या माणसांनी डोळ्यांनी बघावी, एवढंच महिपतला हवं होतं. त्यासाठी तो आठवडाभर नीट जेवला नव्हता.

स्टेपनी निघाली, जॅक निघाला, पायांखालची मॅटं निघाली. सायलेन्सरचं पोट कापल्यामुळे गाडी आता अशी गरजायची की कोंबड्या अंगणात थांबत नव्हत्या. पेट्रोलसुद्धा वर पोचण्यापुरतंच ठेवलं होतं.

"मिशी पन उतरवा," मैना म्हणाली. "तेवढीच हलकी होईल."

एवढ्यात आवडीकाकी आली. तिने मागचं दार स्वतःच वर उचललं आणि तांदळाचं गाठोडं आत ठेवलं. "सखूला दे."

"काकी, आज शर्यत हाय."

"हाय ना. वरच जातोयस ना?"

तोवर प्रयागबाई लोणच्याची बरणी आणि पाय बांधलेली कोंबडी घेऊन आली. तिच्यामागून कोणी नाचणी आणली, कोणी सुकट. सीटच्या जागी आता बरीच जागा झालीय, याचं बायकांना कौतुकच वाटलं. बघता बघता गाडीचं बूड खाली बसलं. महिपत पान्हा हातात धरून नुसता उभा. यांतल्या प्रत्येक घरात तो लहानपणी जेवला होता. नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना.

मैनाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि एकेक गाठोडं बाहेर काढायला लागली.

आवडीकाकी चिडली. "काय गो मैना, माझी लेक तुझ्या नवऱ्याला आजच जड झाली?"

"काकी, सखूला बघून किती दिस झाले?"

आवडीकाकी आठवत राहिली. "गाडी नव्हती तवा गेलेले. दिवाळीला."

"आनि तुमी, प्रयागबाई?"

गाडी झाल्यापासून गाठोडी दर रविवारी जात होती, पण आया कुणाच्या गेल्या नव्हत्या.

"मग गाठोडी कशाला धाडता? तुमीच चला. सकालची एस्टी रस्ता बंद व्हायच्या आत वर जाते. मी येते संगती."

"आनि गुरं?"

"मी हाय की," सीटवरून रावजी म्हणाला. "बसलोच हाय."

बायका डोक्यावर ओझी घेऊन स्टॅंडकडे निघाल्या. महिपतने गाडीचं मागचं दार लावलं. आता आपली माणसं वर उभी असणार, या विचाराने त्याला हुरूप आला.

लहान गाड्यांत सुटायला त्याचा नंबर शेवटचा होता. झेंडा पडला आणि मारुती उधळली. रोजचा घाट, रोजची वळणं. आज समोरून कोणी येणार नव्हतं, मागे कोणी ओकत नव्हतं. हा रस्ता असा पुरा आपला पुन्हा कधी होणार नाही, हे त्याला कळत होतं. एका वळणावर मागचं चाक कड्याकडे सरकलं, त्याने ते हलक्या हाताने परत आणलं. सायलेन्सरचा आवाज दरीत घुमत राहिला.

कुंभरोशीला रेघ ओलांडून त्याने ब्रेक दाबला. घड्याळवाला खिडकीशी धावत आला आणि त्याने एक बोट वर केलं. लहान गाड्यांत पहिला.

महिपतने हसत फाट्याकडे मान वळवली. वाडीची माणसं तिथेच होती, पण सगळ्यांच्या पाठी रस्त्याकडे. आवडीकाकीने सखूचं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं. प्रयागबाईची लेक आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती. कोंबडी सांभाळत उभी असलेली मैनासुद्धा त्यांच्याकडेच बघत होती.

त्याला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. हॉर्न दाबायला हात गेला. मग तो हात त्याने किल्लीवर नेला आणि इंजिन बंद केलं.

बऱ्याच वेळाने आवडीकाकी डोळे पुसत वळली. तिला गाडी दिसली.

"तू कवा आलास रे, महिपत?"

"हा काय, काकी," महिपत म्हणाला. "आत्ताच."