चुकवलेली तारीख

आईच्या डोळ्यातलं इंजेक्शन दर महिन्याला, एकही तारीख चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चिरंजीवांनी दोन तारखा बुडवल्या. एकदा मित्राची पार्टी, एकदा मॅच. आज आई सकाळपासून चपला घालून, मांडीवर फाइल घेऊन दाराशी बसली होती. तिच्यादेखतच त्याने दवाखान्यात फोन लावला.

"काय करणार, आईच सुईला घाबरते हो! पुढच्या महिन्यातली तारीख द्या."

फोन ठेवून तो तिच्यापुढे येऊन उभा राहिला. "रागावलीस का गं?"

"छे रे. आता कडेकडेचं तेवढं दिसतं मला. बरोबर समोरचं काहीच दिसत नाही."

आईने चपला काढल्या.



"तू आपला कायम समोरच उभा राहत जा."