चांद्याने दिलेला शब्द

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण 'सोडवणे' हे क्रियापद पहिल्यांदा निघालं ते आमच्या चांद्याच्या तोंडून. नात वेदश्रीने अर्थ विचारला, म्हणून सगळी हकिकतच सांगितली. चांद्या म्हणजे हिंगणघाटच्या बाजारातून आणलेला आमचा बैल. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी कोठ्यात पळसाच्या पानाने त्याच्या खांद्याला हळद-तूप लावत होतो. रीतीप्रमाणे त्याला म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

तर गव्हाणीकडून घोगरा आवाज आला, "येतो. मले त तू जुवातून सोडवलं. पण विहिरीचं पाणी वाहून तुह्या बायकोची मान आखडली, तिले कधी सोडवशीन?"

माझ्या हातातली वाटीच पडली. त्या दिवसापासून घरात नळ येईपर्यंत सगळ्या घागरी मी वाहिल्या. बैलाचा शब्द मोडायचा कसा?

पुरण वाटता वाटता रुख्माबाई, म्हणजे वेदश्रीची आजी, खुदकन हसली.

"खोटं सांगून राह्यले तुह्ये आबाजी! बैल कायचा बोलते? गव्हाणीमागं मी लपली होती."