तोंडावर सांगायला आलेला

"तुझं जग संध्याकाळपर्यंत संपेल," रक्षक म्हणाला. "म्हटलं, निदान तोंडावर सांगावं."

लिफ्टच्या मेकॅनिकने मान वर केली. गच्चीवरच्या मशीनरूमच्या दारात त्याचा स्वतःचाच चेहरा उभा होता. तेच पसरट नाक, तीच तुटकी भुवई. फक्त अंगात निळा पोशाख, पाठीवर लाल कापड आणि पाय जमिनीपासून वीतभर वर.

"संपेल, की संपवणार आहेस?"

रक्षकाच्या मागे आभाळात दुसरी पृथ्वी लटकत होती. सकाळी ती ढगाएवढी होती. आता तिच्यावरच्या इमारती दिसत होत्या, उलट्या, गच्च्या खाली करून.

"दोन्ही जगं आदळणार आहेत. एकाला ढकललं तर ते फुटेल, दुसरं वाचेल. माझं ते आहे." त्याने वर बोट केलं. "तिथला रक्षक मी. लोक मला मानतात."

"आणि मधे उभा राहून दोन्ही धरलीस तर?"

"धरता येतील. पण मग मला तिथून हलता येणार नाही. कधीच."

"अस्सं! एका पारड्यात आमचं अख्खं जग, दुसऱ्यात तुझं उडणंबागडणं. आणि जड कोण, तर तू."

खालून थापा ऐकू येत होत्या. वीज गेल्यापासून नऊ जण लिफ्टमध्ये, पाचव्या-सहाव्या मजल्याच्या मधे अडकले होते. कोणी रडत होतं, कोणी शिव्या देत होतं. रक्षक आला तेव्हाही हे चालूच होतं.

मग एका म्हातारीचा खणखणीत आवाज वर आला. "अरे ए, उतरवतोस का आम्हाला, की इथेच संसार मांडू?"

रक्षकाचे पाय जमिनीला टेकले.

"ही कोण?"

"आई. मी चष्मा घरी विसरलो, तो द्यायला आली आणि अडकली. तुझी नाही का?"

"मी नऊ वर्षांचा असताना गेली. थांब. हे जग नाही फोडत मी."

मेकॅनिक पक्कड हातात घेऊनच उठला.

"मग काय, वरचं फोडणार? इतका वेळ आठ जण बोंबलत होते, ते तुझ्या कानात शिरले नाहीत. आईचा आवाज आला आणि लगेच आमचं जग वाचवण्याच्या लायकीचं झालं? बाकीचे काय आभाळातून पडलेत? त्यांना कोणी जन्म दिला नाही?"

काहीतरी करायचं म्हणून रक्षकाने लिफ्टच्या दोरांना हात घातला.

"सोड ते! तुझ्या एका हिसक्यात नऊ डोकी छतावर फुटतील. हे दोघांचं काम असतं. माझा जोडीदार आभाळ बघून पळाला, म्हणून लिफ्ट अडकून पडलीय. मी ब्रेक उचलतो, तू हे चाक फिरव. आणि आधी पाठीवरची झूल काढ, चाकात गुंतेल."

रक्षकाने लाल कापड काढून खिळ्याला टांगलं.

"अर्धा फेरा. थांब. पुन्हा अर्धा."

"इतकं हळू?"

"आत माणसं आहेत."

ज्याने डोंगर फेकले होते, त्याच्या कपाळावर घाम आला. बाविसाव्या अर्ध्या फेऱ्याला खाली धप्प झालं. पाचव्या मजल्यावरून वॉचमन ओरडला, "लागली! दार उघडतोय!" मग पावलं, खोकला, कोणाचं तरी हसणं.

"आई आता जिन्याने वर येईल," मेकॅनिक म्हणाला. आवाज जरा खाली आला होता. "भेटून जा."

रक्षकाने जिन्याकडे पाहिलं.

"नको. भेटलो तर फक्त तिच्यासाठी केल्यासारखं होईल."

आणि तो वर, दोन्ही जगांच्या मधे गेला.

आई धापा टाकत गच्चीवर आली. चष्म्याची डबी मेकॅनिकच्या हातात कोंबून तिने आभाळाकडे बघितलं. उलटं शहर सरकायचं थांबलं होतं. तिथल्या एका गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती.

"तिचे कपडे खाली पडत नाहीत का रे?"

"तिला वाटत असेल, आपणच पडू."

"आणि मधे तो ठिपका? हात पसरून माणूस उभा आहे का तो?"

"हो. कामावर आहे."

"सुटणार कधी?"

मेकॅनिकने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"कोणाचा बाई पोरगा..." आई स्वतःशीच म्हणाली. तिने कपाळावर हात आडवा धरला. तिकडे, उलट्या गच्चीवर, त्या बाईनेही ओला कपडा खांद्यावर टाकला आणि कपाळावर हात धरून ती त्याच ठिपक्याकडे बघू लागली.