चमकली की जेवली

माझी नात रचना हैदराबादच्या लॅबमध्ये जिवंत पेशींवर निळा उजेड टाकते आणि त्यांच्या चमकेवरून त्यांनी किती खाल्लं, किती पचवलं ते सूक्ष्मदर्शकातून पाहते. पेशीच्या जेवणाची एवढी चौकशी, पण "तू काय खाल्लं?" हे विचारायला मी तिरोड्यावरून चारदा फोन केला, की बाईसाहेबांचं तोंड वाकडं.

काल वैतागून म्हणाली, "आजी, सारखा उजेड मारला तर पेशी मरते. घडीभर पाहून अंधारात सोडून द्यावं लागते."

म्हटलं, "दुसरीतच शाळा सुटली माझी, पोरी, तरी एक सांग. अंधारात ते उपाशी राहिली, तर तुले कसं समजते?"



रचना हळूच म्हणाली, "परवापासून पोटात काहीच नाही, आजी."